तीन डेसिबल

विलासरावांचा यंत्रांवर जितका विश्वास होता तितका माणसांवर नव्हता, आणि हे ते लपवूनही ठेवत नसत. कारखान्याच्या चाचणी विभागात बत्तीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या मोटारींचा आवाज मोजला होता. ऑपरेटर छातीठोकपणे सांगायचा, "साहब, एकदम मक्खन चल रही है," आणि विलासरावांचा मीटर सांगायचा की बेअरिंग महिनाभर टिकलं तरी खूप. महिनाभरात बेअरिंग जायचंच. बत्तीस वर्षं हेच पाहिल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? भोपाळच्या अवधपुरीत घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी गुरुजींच्या घड्याळातली चार मिनिटांची चूक काढली होती, आणि मुहूर्त स्वतःच्या घड्याळाने साधला होता.

या स्वभावापायी लोकांशी थोडीफार वादावादी झाली, तिचं काही नाही. पण त्यापायी त्यांच्या बायकोचं गाणं बंद पडलं होतं. हे मात्र त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं.

वैजयंतीबाई एके काळी गायच्या. हौस म्हणून नव्हे, चांगल्या तयारीने गायच्या. भोपाळच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत बाहेरचा गवई आला नाही की दोन तासांचा कार्यक्रम त्यांच्या भरवशावर ठरायचा. दोन हजार एक सालच्या गणपतीत तसाच ठरला. नेमका तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा मंदार सुटीवर आला होता. तो अमेरिकेत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होता. येताना दोन भारी माइक घेऊन आला होता, त्याने मावशीचं सगळं गाणं रेकॉर्ड केलं आणि परत गेल्यावर तिकडच्या यंत्रांवर बसून त्यातल्या निवडक गाण्यांची एक डिस्क तयार करून पाठवली. एकच. पाकिटावर मावशीचं नाव आणि खाली कोपऱ्यात इंग्रजीत बारीक चार अक्षरं, एचडीसीडी. त्या अक्षरांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. डब्यावर कोपऱ्यात काहीतरी छापलेलं असायचंच.

डिस्क लावली. स्वर स्वच्छ, तबल्याचा ठेका हाताने उचलून घ्यावा इतका स्पष्ट. मात्र बागेश्रीत वैजयंतीबाई तार षड्जावर गेल्या तिथे आवाज उघडेना. उशीखाली दाबल्यासारखा वाटत होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अशी गायले मी?"

"यंत्र खोटं बोलत नाही गं," विलासराव म्हणाले. प्रेमाने म्हणाले, अगदी खांद्यावर हात ठेवून. पण विळा प्रेमाने चालवला म्हणून कमी कापतो असं नाही.

मग अंगातल्या इंजिनियरला गप्प बसवेना. कॉलनीतला पहिला सीडी रायटर त्यांच्याकडे होता. एकूणच आवाज जरा कमी आहे, वाढवला तर गाणं उठून दिसेल, असं ठरवून त्यांनी कॉम्प्युटरवर सगळं रेकॉर्डिंग तीन डेसिबलनी चढवलं आणि त्याच्या वीस प्रती काढून मंडळात वाटल्या. संक्रांतीच्या तिळगुळाला मंडळाच्या हॉलमध्ये ती प्रत लावली. तार षड्ज आला आणि फुटला. चक्क चिरकला. मागच्या रांगेतून कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं, "चालायचंच, वयानुसार वरचा सूर जातोच."

वैजयंतीबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या पुन्हा कधी मंचावर बसल्या नाहीत. कोणी विचारलं तर घशाचं कारण सांगत. ती मूळ डिस्क घरात नको म्हणून त्यांनी पेटीवर साथ करणाऱ्या मंदाकिनीबाईंना देऊन टाकली. विलासरावांना वाटलं, बायकोने वास्तव शहाणपणाने स्वीकारलं. त्यांना त्याचं कौतुकही वाटलं होतं.

यंदाच्या आषाढात एका रविवारी सकाळी मंदारचा व्हिडिओ कॉल आला. वैजयंतीबाई भाजी आणायला गेल्या होत्या. मंदारही आता पन्नाशीचा झाला होता, डोक्यावर चंद्र उगवला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "काका, मावशीच्या त्या डिस्कचा दिवा लागतो का हो तुमच्या प्लेअरवर?"

"कसला दिवा?"

"एचडीसीडीचा. अहो, तिच्या पाकिटावर छापलंय ना."

मंदारने समजावून सांगितलं. साध्या सीडीत जेवढं मावतं त्याहून जास्त त्या डिस्कमध्ये भरलेलं होतं. त्यासाठी वरचे, जोरकस सूर मुद्दाम दाबून बसवायचे, आणि ते किती दाबले त्याची खूण आवाजाच्या प्रत्येक आकड्याच्या अगदी शेवटच्या घरात लपवून ठेवायची. ज्या प्लेअरला ती खूण वाचता येते तो दिवा लावतो आणि सूर होते तसे पुन्हा उघडून देतो. ज्याला येत नाही तो बापडा दाबलेलंच वाजवतो.

"मी तेव्हा बोललो नव्हतो का तुम्हाला?" मंदारने विचारलं.

बोलला नव्हता. त्या काळी अमेरिकेचा फोन तीन मिनिटांचा असायचा, आणि तीनही मिनिटं "जेवलास का" आणि "थंडी फार आहे का" यांतच खर्ची पडायची.

"ज्याला खूण वाचता येत नाही, त्याच्यावर मावशीचा वरचा सा कसा ऐकू येईल?" विलासरावांनी विचारलं. आपला आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना.

"दबका. का हो?"

"काही नाही," विलासराव म्हणाले.

मंदारच्या स्टुडिओतली मूळ टेप स्टुडिओ बंद पडला त्याबरोबरच गेली होती. पण आता खास प्लेअरची गरज नाही, तो म्हणाला. डिस्क कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उतरवायची आणि एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा. तो खूण वाचतो आणि सूर उघडून देतो. त्याने लिंक पाठवली. वैजयंतीबाई दोडकी आणि कोथिंबीर घेऊन आल्या तेव्हा विलासराव कपाटातून आपली जुनी प्रत शोधून बाहेर काढत होते.

"आज कसली साफसफाई काढलीत?" त्यांनी विचारलं.

"अशीच," विलासराव म्हणाले. संसारात इतकी वर्षं काढल्यावरही त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि वैजयंतीबाईंना ते न ओळखल्याचं सोंग उत्तम येत असे.

त्यांनी स्वतःची प्रत उतरवली आणि प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर उत्तर आलं, खूण सापडली नाही. पुन्हा चालवला. सापडली नाही. मग त्यांनी आवाजाचा आलेख उघडला. आयुष्यभर असे आलेख पाहिलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. जिथे जिथे आवाज चढत होता तिथे लाटांची शेंडी नव्हती. सगळे माथे एका रेषेत, सुरीने कापल्यासारखे सपाट. आधीच काठोकाठ भरलेल्या भांड्यात त्यांनी तीन डेसिबल ओतले होते, आणि वरचं सगळं सांडलं होतं. तिळगुळाच्या दिवशी चिरकला होता तो वैजयंतीचा आवाज नव्हताच. ती विलासरावांची करामत होती.

त्यांनी मंदारला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. आवाज थोडा जरी वाढवला, काका, तरी प्रत्येक आकड्याचं शेवटचं घर बदलतं, मग खूण कुठली राहणार? ओरिजिनल कुठे आहे?

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण मारुती झाल्यावर त्याला तेवीस वर्षं घरात बसवून वर बायकोलाच त्याच्या पाया पडायला लावलं, हे विलासरावांखेरीज कोणी केलं नसेल. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लगोलग भीतीही वाटली. डिस्क दबकी होती हा मंदारच्या यंत्राचा दोष म्हणता येईल. तेवढंच सांगितलं तर भागेल. वाढवलेले तीन डेसिबल कोणाला माहीत आहेत? मंदार तिकडे, आपण इकडे. चांगल्या माणसांच्या मनातही अशा गोष्टी येतात, आणि विलासराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते मनात तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून बाग सेवनियाला मंदाकिनीबाईंकडे गेले.

मंदाकिनीबाई नागपूरच्या. नवऱ्याच्या सरकारी नोकरीबरोबर भोपाळला येऊन चाळीस वर्षं झाली, पण बोली नागपुरातच ठेवून आल्यासारखी अजून ताजी.

"या बाप्पा, विलासभाऊ! आज इकडे कसे काय? वैजूले नाही आणलं?"

"वैजयंतीची ती डिस्क पाहिजे होती. तुमच्याकडे असेल तर."

"असेल तर काय, आहेच ना! मी दर गणपतीत लावते." त्यांनी पेटीच्या खणातून डिस्क काढली, पदराने गोल गोल पुसली, आणि असं गोल पुसल्याने चरे पडतात म्हणून विलासरावांनी ती घाईने हातात घेतली. "पण आज काहून पाहिजे? ती तर ऐकत नाही म्हणे."

विलासरावांनी कारण सांगितलं. मंदाकिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्हाला तो वरचा सा दबल्यासारखा नाही वाटत?" शेवटी विलासरावांनीच विचारलं.

"वाटते ना. मग? मी तर तिच्या बाजूले पेटीवर बसली होती. तो सा कसा लागला होता ते मले माहीत आहे. सीडीनं नाही म्हटलं म्हणून माझे कान खोटे होतात काय?" त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "मी तिले किती सांगितलं, गाणं सोडू नको. तर म्हणे घसा. घशाले काय झालं? भाजीवाल्यावर तर चांगली ओरडते!"

विलासराव हसले नाहीत. चहा संपवून ते उठले. अवधपुरीपर्यंतच्या रस्त्यात एका ट्रकवाल्याच्या शिव्याही त्यांना ऐकू आल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी डिस्क साबणाच्या पाण्याने धुतली आणि मऊ फडक्याने पुसली. गोल नाही, मधून कडेकडे, सरळ रेषेत. मग बाहेरून जोडायच्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली. प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा दोनदा वाचत होता आणि दोन्ही वाचनं जुळली तरच पुढे सरकत होता. ओरखडे पुष्कळ होते. अकराव्या मिनिटाला ड्राइव्ह अडखळला, घरघरला, पुन्हा मागे गेला. विलासरावांनी ताट खोलीतच मागवलं.

"इतकं काय शिजतंय?" वैजयंतीबाईंनी ताट ठेवता ठेवता विचारलं. ड्राइव्हच्या शेजारच्या पाकिटावर त्यांना स्वतःचं नाव दिसलं. त्या तशाच दाराशी उभ्या राहिल्या आणि मग निघून गेल्या.

दुपारी तीन वाजता सगळं उतरलं. आलेखात माथे सोडले तर आवाज खालीच दिसत होता, आणि विलासरावांचा हात सवयीने वाढवायच्या पट्टीवर गेला. तो त्यांनी काढून घेतला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. काही न करणं हे त्यांच्या आयुष्यातलं फार अवघड काम होतं. मग प्रोग्रॅम चालवला. खूण सापडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

त्यांनी हेडफोन चढवला. आवाज आणखीच बारीक झालेला! क्षणभर त्यांना वाटलं, गाढवपणा झाला, होतं तेही गेलं. पण मंदारने बजावून ठेवलं होतं, वर जागा करायची म्हणून एकूण पट्टी खाली जाते, घाबरू नका. ते बसून राहिले. आलाप झाला. बंदिश सुरू झाली. वैजयंती मध्य सप्तकात रेंगाळली, चढली, निषादाला हलकेच शिवून थांबली, आणि तार षड्ज लागला.

विलासरावांनी हेडफोन काढला. डोळे पुसले. मग बायकोला हाक मारली.

हेडफोन नको म्हणून त्यांनी स्पीकर जोडले. वैजयंतीबाई पलंगाच्या कडेला बसल्या, हात मांडीवर, डॉक्टरकडे बसतात तशा. सुरुवातीला म्हणाल्या, "हे तर बारीकच आहे." विलासरावांनी हाताने थांब अशी खूण केली. सा आला. कुठेही न दबता, कुठेही न चिरकता आला आणि राहिला, त्यांचा श्वास होता तितका वेळ. त्या ऐकत राहिल्या. पुढची तान आली, तबला आला, लोकांची दाद आली. गाणं संपलं.

"हे मंदारने आता नीट केलं?" त्यांनी विचारलं.

सोपी पळवाट आयती समोर उभी होती. हो म्हटलं की काम झालं.

"नीट काही केलेलं नाही," विलासराव म्हणाले. "हे असंच होतं. तू अशीच गायली होतीस. त्या डिस्कमध्ये दाबून ठेवलेलं होतं आणि आपल्या प्लेअरला उघडता येत नव्हतं. आणि तिळगुळाला जे फुटलं ते मी फोडलं. मी आवाज वाढवला होता. तीन डेसिबल."

बोलून त्यांना बरं वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. बरं वाटलं नाही. वैजयंतीबाईंचा चेहरा आधी उजळला, आणि मग लगेच असा उतरला की त्यांना तिकडे पाहवेना.

"तेवीस वर्षं," त्या म्हणाल्या.

"चूक झाली माझी."

"डिस्कचं राहू द्या. मंदारलाही सांगायचं सुचलं नाही, तुम्हाला कसं कळणार? चढवलेला आवाजही राहू द्या, तो तुम्ही चांगल्यासाठीच चढवलात." त्यांनी विलासरावांकडे सरळ पाहिलं. "पण तुम्ही तिथे होतात ना? मंडपात? तिसऱ्या रांगेत बसला होतात. मी गाताना बघत होते तुमच्याकडे."

"होतो."

"मग तुम्ही ऐकलं नव्हतंत? मंडळातली बाकीची माणसं म्हणाली, वय झालं. त्यांचं सोडा. हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो हो? मी तुम्हाला विचारलं होतं, अशी गायले का मी. प्लेअरला नव्हतं विचारलं."

सकाळपासून, मंदाकिनीबाईंच्या घरापासून, ज्या गोष्टीच्या विलासराव आजूबाजूने फिरत होते ती आता समोर येऊन बसली होती. डिस्कने फसवलं हे खरं. पण डिस्क यायच्या तीन महिने आधी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि ते कान त्यांनी डिस्कसाठी बाजूला ठेवले होते.

"ते बंद करा," वैजयंतीबाई म्हणाल्या.

त्यांनी स्पीकर बंद केला.

"आता सांगा. काय ऐकलं होतं?"

विलासरावांना मोटारीच्या आवाजाचा चार पानी अहवाल लिहिता यायचा. बायकोच्या गाण्याबद्दल दोन वाक्यं त्यांनी कधी जुळवली नव्हती.

"गर्दी होती," ते म्हणाले. "माझ्या शेजारी जोशी बसले होते आणि ते सारखे बोलत होते. मी म्हटलं, याला उठवावं. मग तू वर गेलीस आणि जोशी बोलता बोलता मध्येच थांबले. मंडपाला वर पत्रे होते. तो सा लागला तेव्हा माझ्या डोक्यावरचा एक पत्रा बारीक थरथरला. मला ऐकू आलं ते. माझं कामच ते. एरवी मी लगेच मनात आकडा काढला असता, किती असेल, काय असेल." ते थांबले. "त्या दिवशी नाही काढला. सुचलंच नाही. मला एवढंच वाटलं की ही आपल्या घरातली बाई आहे, आणि मी हिला ओळखत नाही. आणि फार अभिमान वाटला. टाळ्यासुद्धा वाजवायच्या राहिल्या."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

वैजयंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या, रागावल्याही होत्या, आणि दोन्हीही लपवत नव्हत्या. बाहेर भाजीवाला गल्लीत हाका देत होता, त्याच्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. विलासराव उठून त्यांच्याजवळ जाऊ लागले तर त्यांनी हाताने तिथेच बसायला सांगितलं.

"सांगितलं असतंत तर मी गायले असते," त्या म्हणाल्या.

"हो," विलासराव म्हणाले.

वैजयंतीबाईंनी डोळे पुसले, पाय पलंगावर घेतले आणि भिंतीला टेकून बसल्या.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. आणि घाई करू नका."

विलासरावांनी खुर्ची कॉम्प्युटरकडून वळवून त्यांच्यासमोर घेतली, आणि सांगायला सुरुवात केली.